संग्रहालय नवे, फॅमिली डॉक्टर मात्र नाही: ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळातले २०२२ चे प्रकरण

व्हिक्टोरिया ही कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी. तिथे बंदराच्या काठावर विधिमंडळाची जुनी दगडी इमारत आहे आणि तिच्या शेजारीच रॉयल बीसी म्युझियम. १३ मे २०२२ रोजी प्रीमियर जॉन होर्गन यांनी (प्रीमियर म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री) हे संग्रहालय पाडून त्याच जागी नवे बांधण्याची घोषणा केली. खर्च ७८ कोटी ९० लाख डॉलर. सप्टेंबरपासून संग्रहालय बंद होणार होते, ते उघडणार थेट २०३० मध्ये.

त्या वेळी प्रांताची लोकसंख्या ५० लाखांच्या थोडी वर होती आणि त्यांतल्या नऊ ते दहा लाख लोकांना फॅमिली डॉक्टर नव्हता. राजधानीच्या परिसरातच अशा लोकांची संख्या लाखाच्या घरात होती. विरोधी आमदारांनी हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि रोज विचारायला सुरुवात केली. २२ जूनला होर्गन यांनी प्रकल्प थांबवला आणि आपला निर्णय चुकला, असे जाहीरपणे मान्य केले. सहा आठवड्यांच्या आत ५७ आमदारांचे भक्कम बहुमत असलेले सरकार मागे हटले.

एवढे सांगून थांबलो, तर हा विरोधकांचा सरळ विजय वाटेल. पण संग्रहालय रद्द झाल्याने एकाही रुग्णाला डॉक्टर मिळाला नाही. डॉक्टर मिळण्याची खरी सुरुवात ३१ ऑक्टोबरच्या वेगळ्याच निर्णयाने झाली, आणि त्या निर्णयाची मुळे सभागृहात फार कमी वेळा विचारल्या गेलेल्या एका प्रश्नात होती: दवाखान्याचे भाडे कोण भरतो?

डॉक्टर नसणे म्हणजे काय

आपल्याकडे गुडघा दुखला तर माणूस थेट हाडांच्या डॉक्टरकडे जातो. फी भरली की काम झाले. ब्रिटिश कोलंबियात तसे होत नाही. तज्ज्ञाची वेळ मिळवायची तर फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते. रक्तदाबाच्या गोळ्या पुढे चालू ठेवायच्या, छातीत गाठ लागली म्हणून तपासणी करून घ्यायची, तपासणीचा अहवाल कोणीतरी वाचून पुढचे ठरवायचे, हे सगळे त्याच एका दारातून जाते. डॉक्टर निवृत्त झाला आणि दवाखाना बंद पडला, तर हे दारच राहत नाही. मग उरते ते वॉक-इन क्लिनिक. तिथे दर वेळी नवा डॉक्टर भेटतो आणि दर वेळी आजाराचा इतिहास पहिल्यापासून सांगावा लागतो. २०२२ मध्ये व्हिक्टोरियात वॉक-इन क्लिनिकही एकामागून एक बंद होत होती. उघडी होती त्यांच्या दारात सकाळी रांग लागायची आणि थोड्याच वेळात ‘आजच्या जागा संपल्या’ अशी पाटी लागायची. शेवटचा पर्याय म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

पुण्या-नागपूरहून तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांना हे वेगळ्या तऱ्हेने कळते. प्रांतात आल्यावर चालू महिना आणि पुढचे दोन महिने थांबले की सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड हातात पडते. हप्ता भरावा लागत नाही, तो २०२० पासून रद्दच झाला आहे. उपचार मोफत आहेत, याचा आनंद खराच असतो. मग एकेका दवाखान्याला फोन सुरू होतात आणि सगळीकडून एकच उत्तर येते: नवे रुग्ण घेत नाही. मधुमेह असलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातात असे कार्ड असते ज्याच्या बळावर सगळे मोफत आहे, फक्त औषध लिहून देणारे माणूस नाही. भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टरही याच शहरांत राहतात आणि परवान्याच्या प्रतीक्षेत इतर नोकऱ्या करतात, हे मला या प्रकरणातले सर्वांत अस्वस्थ करणारे वास्तव वाटते.

१९६२ चा करार आणि २०२२ चे भाडे

कॅनडातली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली सस्कॅचेवान प्रांतात. १ जुलै १९६२ ला तिथे सार्वत्रिक वैद्यकीय विमा लागू झाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला. २३ दिवसांनी सास्काटूनमध्ये समझोता झाला. विमा राहिला, पण डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. ते स्वतंत्र व्यावसायिक राहिले आणि प्रत्येक तपासणीमागे ठरलेली रक्कम सरकारने द्यायची, असे ठरले. पुढे सगळ्या देशाने हाच घाट उचलला. १९८४ च्या कॅनडा हेल्थ अॅक्टने रुग्णाकडून वरचे पैसे घेण्यावर बंधन आणले. एखाद्या प्रांताने असे होऊ दिले, तर तेवढीच रक्कम केंद्राच्या अनुदानातून कापली जाते.

म्हणजे कॅनडातला फॅमिली डॉक्टर एक छोटा उद्योगच चालवतो. जागेचे भाडे, रिसेप्शनिस्टचा पगार, संगणक-प्रणालीचे शुल्क, हातमोज्यांपासून छपाईच्या कागदापर्यंत सगळे त्याच्या खिशातून जाते. उत्पन्न मात्र सरकारने ठरवलेल्या दराने येते, त्याला दर वाढवता येत नाही. ब्रिटिश कोलंबियात हा दर एका भेटीमागे साधारण ३० ते ४० डॉलर होता. सर्दीसाठी आलेल्या पंचविशीतल्या मुलाला तेवढेच, आणि पाच आजार, बारा औषधे घेऊन आलेल्या आजीबाईंनाही जवळपास तेवढेच. आजीबाई गेल्यावर त्यांचे अहवाल वाचणे, तज्ज्ञाला पत्र लिहिणे, विम्याचे कागद भरणे यात संध्याकाळ जायची, त्याचे फारसे काही मिळत नसे. व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरियातली भाडी कुठे पोहोचली आहेत हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. एकूण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त दवाखाना चालवण्यातच जायचा.

तरुण डॉक्टरांनी याचा हिशेब केला. त्याच पदवीवर रुग्णालयात काम केले, तातडीच्या विभागात पाळ्या घेतल्या, तर भाडे नाही, नोकर सांभाळणे नाही आणि संध्याकाळी घरी कागद नाहीत. त्यामुळे प्रांतात फॅमिली मेडिसिनची पदवी असलेल्या डॉक्टरांपैकी निम्म्याहून कमीच प्रत्यक्षात स्वतःचे कायमचे रुग्ण सांभाळत होते. बाकीचे डॉक्टरच होते, कामही करत होते, पण कोणाचे ‘आपले डॉक्टर’ नव्हते.

सभागृहातला सगळा गोंधळ इथे उलगडतो. आरोग्यमंत्री एड्रियन डिक्स उठून सांगायचे की प्रांतात पूर्वीपेक्षा जास्त डॉक्टर आहेत. ते खरे होते. विरोधक म्हणायचे की लोकांना डॉक्टर मिळत नाही. तेही खरे होते.

अर्धा तास

ब्रिटिश कोलंबियात अधिवेशनाच्या दिवशी अर्धा तास प्रश्नोत्तरे चालतात. महाराष्ट्रात तारांकित प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते, खाते उत्तर तयार करते आणि आमदाराच्या हाती खरा वाव उपप्रश्नात असतो. व्हिक्टोरियात पूर्वसूचना लागत नाही. मंत्र्याला काय येईल ते झेलावे लागते. यात चैतन्य आहे, आणि तोटाही आहे. मंत्री पाठ केलेले चार आकडे घेऊन येतो आणि प्रश्न कोणताही असला तरी तेच ऐकवतो. सूचना देऊन विचारलेल्या प्रश्नाला निदान कागदावर उत्तर येते.

त्या सभागृहात ८७ आमदार होते: सत्ताधारी न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचे (एनडीपी) ५७, बीसी लिबरलचे २८ आणि ग्रीन पक्षाचे दोन. लिबरल पक्षाच्या बाजूने आरोग्याचा विषय प्रिन्स जॉर्ज शहराच्या शर्ली बाँड लावून धरत होत्या, आणि नवे नेते केव्हिन फाल्कन एप्रिलअखेरच्या पोटनिवडणुकीत निवडून सभागृहात आले होते. ग्रीन पक्षाच्या सोनिया फर्स्टेनो आणि अॅडम ओल्सन हे दोघेही व्हँकुव्हर बेटावरचे, म्हणजे तुटवडा सर्वांत बोचत होता त्या भागातले.

२८ एप्रिल २०२२ च्या प्रश्नोत्तरांत डॉक्टरांच्या तुटवड्यावरून इतका गदारोळ झाला की उत्तर देत असलेल्या होर्गन यांच्या तोंडून अपशब्द गेला. अध्यक्षांच्या आसनावर राज चौहान होते, पंजाबात जन्मलेले, शेतमजुरांच्या चळवळीतून आलेले आणि त्या पदावर बसलेले दक्षिण आशियाई वंशाचे पहिले. होर्गन काही महिन्यांपूर्वीच घशाच्या कर्करोगावरचे रेडिएशन संपवून कामावर परतले होते. बातम्यांत अपशब्द गाजला. विरोधकांनी कोणता प्रश्न विचारला होता, ते मागे पडले.

लिबरल पक्षाच्या प्रश्नांना एक मोठी अडचण होती: त्यांचा स्वतःचा इतिहास. २००१ ते २०१७ अशी १६ वर्षे सत्ता त्यांच्याकडे होती. २०१५ पर्यंत प्रत्येक इच्छुकाला फॅमिली डॉक्टर मिळवून देऊ, असे वचन त्यांच्याच सरकारने दिले होते आणि ते पाळले गेले नाही. खुद्द फाल्कन २००९ नंतर काही काळ आरोग्यमंत्री होते. त्यामुळे डिक्स यांच्या प्रत्येक उत्तरात ‘तुम्ही होतात तेव्हा काय केलेत’ हा भाग ठरलेलाच असे. सभागृहात हा प्रतिटोला चपखल बसतो, पण रुग्णाच्या दृष्टीने त्यात काहीही नाही. २०१७ पासून आरोग्य खाते सलग डिक्स यांच्याकडेच होते, आणि पाच वर्षांनंतर मागच्या सरकारकडे बोट दाखवणे मला पटत नाही.

ग्रीन पक्षाचे प्रश्न वेगळ्या वळणाचे होते. फर्स्टेनो डॉक्टरांच्या संख्येऐवजी दवाखाना चालवण्याच्या अर्थकारणावर बोलत होत्या. सरकारने २०१८ पासून ‘अर्जंट अँड प्रायमरी केअर सेंटर’ या नावाची केंद्रे उघडली होती. तिथे जागा सरकारची, कर्मचारी पगारी. त्यांवर पैसा खर्च होत होता, तरी काही केंद्रांना पुरेसे डॉक्टर मिळत नव्हते. त्याच वेळी रस्त्यापलीकडचा फॅमिली डॉक्टर भाडे परवडत नाही म्हणून कुलूप लावत होता. एका बाजूला सरकार भाडे भरते, दुसऱ्या बाजूला भरत नाही, हे का, असा त्या प्रश्नांचा रोख होता. दोनच आमदारांच्या पक्षाला अर्ध्या तासात फार तर एखाद-दुसरी संधी मिळते. त्यामुळे हा नेमका प्रश्न फारच थोड्या वेळा ऐकू आला. मेमध्ये शेकडो नागरिक विधिमंडळाच्या पायऱ्यांसमोर जमले, त्यांच्यात डॉक्टरही होते, आणि तिथे मात्र दवाखान्याचा खर्च हाच विषय होता.

संग्रहालय का भारी पडले

अशा वातावरणात ७८ कोटी ९० लाखांची घोषणा झाली. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. इमारत जुनी, भिंतींत अॅसबेस्टॉस, आणि भूकंपप्रवण पट्ट्यात तिची शाश्वती नाही. आदिवासी समाजांच्या वस्तू आणि प्रांताचा दस्तऐवज तिथे ठेवलेला. आज ना उद्या काहीतरी करावेच लागणार होते.

हिशेबाच्या भाषेत विरोधकांची तुलना कच्चीच होती. इमारतीचा खर्च भांडवली असतो, कर्ज काढून अनेक वर्षांत फेडायचा. डॉक्टरांचे मानधन हा दरवर्षीचा चालू खर्च. संग्रहालय बांधले नाही म्हणून तो पैसा दवाखान्याकडे वळत नाही. मंत्र्यांनी हे सांगितलेही. पण लोकांना ते पटले नाही, आणि माझ्या मते लोकांचे बरोबर होते. त्यांचा मुद्दा होता सरकारचे लक्ष कुठे आहे हा. व्हिक्टोरियातल्या लाखभर लोकांना डॉक्टर नसताना त्याच व्हिक्टोरियात एवढ्या इमारतीचा आराखडा, तारखा आणि खर्च सगळे ठरवायला सरकारला वेळ मिळतो, तर दवाखान्यांच्या अर्थकारणाचा आराखडा पाच वर्षांत का नाही, हा प्रश्न हिशेबनीसाच्या उत्तराने मिटणारा नव्हता.

बाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नेमके हेरले. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपापल्या मतदारसंघातले एखादे प्रकरण मांडायचे आणि शेवटी संग्रहालयाचा आकडा उच्चारायचा. एप्रिलपर्यंत ‘दहा लाख लोक’ हा आकडा हवेतच राहत होता, त्याच्या बाजूला ठेवायला दुसरा आकडा नव्हता. मेमध्ये तो मिळाला.

पैसा होता

२४ ऑगस्टला सरकारने दवाखाने तगून राहावेत म्हणून ११ कोटी ८० लाख डॉलर जाहीर केले. भाडे आणि कर्मचाऱ्यांचे पगार यांसाठी ही काही महिन्यांची तात्पुरती मदत होती. त्याआधी जूनमध्ये नव्या पदवीधरांसाठी २५ हजार डॉलरपर्यंतचा रुजू-बोनस आणि शैक्षणिक कर्जमाफी देऊ केली होती. त्यावर जुने डॉक्टर दुखावले, कारण वीस वर्षे दवाखाना रेटणाऱ्याला काहीच नव्हते.

३१ ऑक्टोबरला मोठा बदल जाहीर झाला. डिक्स यांच्यासोबत व्यासपीठावर डॉक्टरांच्या संघटनेच्या अध्यक्षा डॉ. रमणीक दोसांझ होत्या. १ फेब्रुवारी २०२३ पासून फॅमिली डॉक्टरला निवडीने नवी मानधन पद्धत घेता येणार होती. डॉक्टरने दिलेला वेळ, भेटींची संख्या, त्याच्याकडे कायमचे असलेले रुग्ण किती आणि त्यांचे आजार किती गुंतागुंतीचे, या सगळ्यांवर मोबदला मिळणार होता. अहवाल वाचण्याचा आणि पत्रे लिहिण्याचा वेळही त्यात धरला होता. पूर्णवेळ काम करणाऱ्या डॉक्टरची वर्षाची ढोबळ मिळकत अडीच लाखांवरून ३ लाख ८५ हजार डॉलरवर जाईल, असा सरकारचा अंदाज होता. दवाखान्याचा खर्च याच रकमेतून भागायचा.

तीन आठवड्यांत होर्गन पायउतार झाले आणि डेव्हिड एबी प्रीमियर झाले. त्याच नोव्हेंबरात वर्षअखेर ५ अब्ज ७० कोटी डॉलर शिल्लक राहील, असा प्रांताचा अंदाज आला. या एका आकड्यामुळे माझे या प्रकरणाबद्दलचे मत पक्के झाले. अडचण तिजोरीची नव्हती. १९६२ च्या समझोत्यातून आलेली मानधनाची रीत बदलायला हात घालण्याची तयारी नव्हती, आणि ती तयारी सभागृहातल्या, पायऱ्यांवरच्या आणि डॉक्टरांच्या वाटाघाटीतल्या दबावाने एकत्रितपणे आणली. यातले श्रेय नेमके कोणाचे किती, हे वाटत बसण्यात अर्थ नाही.

केंद्राच्या पैशाचे भांडण याच काळात समांतर चालू होते. जुलै २०२२ मध्ये सगळे प्रीमियर व्हिक्टोरियातच जमले, होर्गन त्यांचे यजमान होते. मागणी अशी की आरोग्यखर्चातला केंद्राचा वाटा २२ टक्क्यांवरून ३५ टक्के करावा. ओटावाचे, म्हणजे केंद्र सरकारचे, म्हणणे होते की १९७७ मध्ये प्रांतांना कर लावण्याची जी वाढीव मुभा दिली, ती धरली तर वाटा २२ पेक्षा जास्त आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रुडो सरकारने दहा वर्षांसाठी १९६ अब्ज डॉलरचा प्रस्ताव ठेवला, त्यात नवे पैसे ४६ अब्जांच्या आसपास होते. मागणीच्या मानाने ते फार कमी होते. ब्रिटिश कोलंबियाने तरी सही केली. सभागृहात मात्र ‘ओटावा पैसे देत नाही’ हे मंत्र्यांचे सोयीचे उत्तर होऊन बसले होते, आणि शिल्लक अंदाजपत्रक हातात असताना ते द्यायला नको होते.

फटीतून आलेला बाजार

डॉक्टर मिळेनासा झाला की पैसे घेऊन डॉक्टर देणारा उभा राहतोच. टेलस हेल्थ या कंपनीच्या एका सेवेसाठी पहिल्या वर्षी ४,६५० डॉलर आणि पुढे वर्षाला ३,६०० डॉलर आकारले जात होते. सदस्य होणाऱ्याला आहारतज्ज्ञ, तपासण्या असे बरेच काही मिळे, आणि सोबत फॅमिली डॉक्टरही. डॉक्टरचे पैसे आपण घेत नाही, ते बाकीच्या सेवांचे आहेत, ही कंपनीची भूमिका होती. ग्रीन आमदारांनी हा विषय सभागृहात लावून धरला. डिक्स यांनी प्रकरण प्रांताच्या वैद्यकीय सेवा आयोगाकडे चौकशीसाठी दिले आणि डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने न्यायालयात मनाईहुकूम मागितला.

संग्रहालयाइतका गाजावाजा या प्रश्नाचा झाला नाही, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. चार हजार डॉलर भरू शकणाऱ्याला डॉक्टर मिळतो आणि इतरांना मिळत नाही, असे एकदा रुळले की विमा कागदावर सार्वत्रिक राहतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे आश्चर्य वाटणार नाही, कारण आपण त्याच अवस्थेत वाढलो आहोत. आपल्याकडे गल्लीतला फॅमिली डॉक्टर रुग्णाच्या खिशावर चालतो, प्राथमिक आरोग्य केंद्र सरकारच्या, आणि दोघांमध्ये काही नाते नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे म्हटले होते. त्यावर आपल्या विधानसभेत उपप्रश्न विचारायला भरपूर जागा आहे.

पुढे काय उरले

नवी पद्धत हजारो डॉक्टरांनी स्वीकारली आणि रुग्णालयांतून काही जण पुन्हा दवाखान्यांकडे वळले. परदेशात शिकलेल्या फॅमिली डॉक्टरांची पारख करून परवाना देणाऱ्या कार्यक्रमाच्या जागा वर्षाला ३२ वरून ९६ करण्याचे ठरले. भारतात शिकलेल्या डॉक्टरांपैकी काहींना तरी त्यातून वाट मिळाली. व्हँकुव्हरजवळच्या सरी शहरात प्रांतातले दुसरे वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचे काम सुरू झाले, पण तिथून फॅमिली डॉक्टर बाहेर पडायला बरीच वर्षे जातील.

तुटवडा संपला नाही. ग्रामीण भागातले तातडीचे विभाग डॉक्टराअभावी रात्री बंद राहण्याच्या बातम्या येतच राहिल्या आणि ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत आरोग्य हाच एक मोठा विषय होता. एनडीपीची सत्ता ९३ पैकी ४७ जागांवर, अगदी काठावर टिकली. फाल्कन यांच्या पक्षाने निवडणुकीआधीच माघार घेतली होती, फर्स्टेनो पराभूत झाल्या आणि डिक्स यांच्याकडचे आरोग्य खाते गेले.

एक बदल मात्र प्रश्न विचारणाऱ्यांच्या कामाचा झाला. ‘दहा लाख लोक’ हा आकडा सर्वेक्षणांवरून काढलेला होता, सरकारकडे स्वतःची यादी नव्हती. नव्या मानधनासाठी डॉक्टरांना आपले कायमचे रुग्ण कोण हे कळवावे लागते, आणि २०२३ पासून डॉक्टर नसलेल्यांसाठी प्रांतभर एकच प्रतीक्षायादी आहे. त्यामुळे आमदाराला आता मंत्र्याला विचारता येते की माझ्या मतदारसंघातली किती माणसे या यादीवर आहेत, त्यांतली किती वर्षभरापासून थांबली आहेत आणि गेल्या तीन महिन्यांत किती जणांना डॉक्टर मिळाला.